लाजेच्या भांडवलावर चाललेले दुकान

आज ज्या विषयावर आम्ही लिहीत आहोत तो कौटुंबिक पानावर यावा की नाही, यावर आमच्या महिला मंडळात अर्धा तास वाद झाला. "घरात सासरे वाचतात, मुले वाचतात," असे एका भगिनीचे म्हणणे. त्यावर दुसरीने विचारले, "मग सासऱ्यांचे बनियन दोरीवर वाळत नाहीत का?" सगळ्या हसल्या आणि वाद तिथेच मिटला. विषय आहे बायकांच्या आतल्या कपड्यांचा. नेमके सांगायचे तर कल्याणच्या बाजारातील ज्या दुकानातून आमच्या वस्तीतील बायका पंचवीस-तीस वर्षे ब्रा घेत आल्या, त्या दुकानाचा. दुकानाचे नाव आम्ही देत नाही. ज्या तिथे गेल्या आहेत त्या ओळखतील.

आम्ही त्या दुकानाची पायरी पहिल्यांदा चढलो ती १९९५ साली. आम्ही दहावीत होतो. तोवर शमीजवर भागत होते. आमची आई कंपनीत पॅकिंगला जायची. पगाराच्या दिवशी संध्याकाळी तिने आम्हाला बरोबर घेतले आणि कुठे चाललो हे न सांगता त्या दुकानात नेले. आमच्या आजीने आयुष्यभर लुगडे-चोळीखाली दुसरे काही घातले नव्हते. आई लग्नानंतर 'बॉडी' घालायला लागली, आणि तीही बाजारात उघड्यावर मांडलेल्या ढिगातून उचललेली. मुलीला मात्र नीट माप घेऊन, दुकानातून घेऊन द्यायची असे तिने ठरवले होते. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांना स्वच्छ आणि नीटनेटके नेसण्याविषयी सांगितले होते, ते आजीच्या आईने आपल्या गावात ऐकले होते म्हणे. आजी ते सांगायची आणि घरातल्या प्रत्येकीच्या पदराकडे बघायची. त्यामुळे आमच्या घरी कपडा हा नुसता कपडा कधी नव्हताच.

दुकान तेव्हा जेमतेम दहा फूट रुंद होते. पुढे गल्ल्यावर शेठ, आणि मागे पडद्याआड बायकांचा काउंटर. तिथे शेठाणी बसायच्या, आणि त्यांच्या हाताखाली एक काकू होत्या. काकू आमच्या शेजारच्याच वस्तीतल्या. गळ्यात मापाची टेप, केसांत पेन्सिल. शेठ पडद्याकडे मान वळवून कधी पाहायचे नाहीत. काकू ब्लाउजवरूनच टेप फिरवायच्या आणि आकडा मोठ्याने न उच्चारता पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहून आईच्या हातात द्यायच्या. आमची पहिली ब्रा ३८ रुपयांची होती. पांढऱ्या सुती कापडाची, कप तीन तुकड्यांत शिवलेला, मागे तीन हूक.

त्या दिवशी काकूंनी जे सांगितले ते आम्हाला पुढे कुठल्या पुस्तकात सापडले नाही. छातीखालचा पट्टा किती इंची, तो आकडा. आणि छातीच्या भरावाचे माप त्या पट्ट्यापेक्षा किती जास्त, ते अक्षर. एक इंच जास्त असेल तर ए, दोन इंच असेल तर बी, तीन असेल तर सी. वजन तोलायचे ते पट्ट्याने, खांद्यावरच्या पट्ट्यांनी नव्हे. खांद्यावर वळ उठत असतील तर खालचा पट्टा सैल आहे असे समजायचे. नवी ब्रा नेहमी शेवटच्या, म्हणजे सर्वांत सैल हुकात घालायची, कारण इलास्टिक वापराने ताणत जाते आणि मग आतले दोन हूक कामाला येतात. पट्ट्याखाली दोन बोटे जावीत, तीन जाऊ नयेत. एकच ब्रा रोज घालू नये, इलास्टिकलाही एक दिवस सुट्टी लागते. हे सांगताना काकू हसल्या होत्या. "आपल्याला नाही मिळत, तिला तरी मिळू दे."

आणखी एक गोष्ट त्यांनी आईला बजावली. दोरीवर साडीखाली दडवून ब्रा वाळवू नका. दमट राहते, अंगाला खाज येते, नायटा होतो. कडक उन्हातही टाकू नका, इलास्टिक मरते. सावलीत, वाऱ्यावर, उघडी वाळवा. आई हो म्हणाली. घरी आल्यावर मात्र ती साडीखालीच वाळत राहिली. चाळ होती, गॅलरी सामाईक होती, काय करणार?

पुढे आम्ही बी.कॉम. झालो, नोकरीला लागलो, लग्न झाले, आणि त्या दुकानात जाणे चालूच राहिले. वस्तीतल्या कितीतरी मुलींना आम्हीच घेऊन गेलो. हिशेबाच्या वहीत आजही नोंद आहे की २०१२ साली घेतलेली १५० रुपयांची ब्रा आम्ही पंधरा महिने वापरली.

शेठ गेल्यावर दोन्ही मुलांनी धंदा वाटून घेतला. हे दुकान धाकट्याकडे आले. २०१८ च्या सुमारास शेजारचा गाळा घेऊन काच लावली, थंड हवेचे मशीन बसवले, मानेपासून वर काही नसलेले प्लास्टिकचे पुतळे उभे केले. पडदा गेला. २०२० च्या टाळेबंदीत दुकान बंद पडले. उघडले तेव्हा काकूंना बोलावणे आले नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीचा हिशेब दोन महिन्यांच्या पगारात मिटवला. त्यांच्या जागी चार तरुण पोरे आली, पगार थोडा आणि विक्रीवर कमिशन. शेठाणी वरच्या मजल्यावर राहतात, गुडघ्यांमुळे खाली उतरत नाहीत.

आम्ही बदलाच्या विरुद्ध नाही. काच लावावी, हवा थंड करावी. पण त्या पोरांना माप घेता येत नाही, आणि घेता येणे शक्यही नाही. कोण बाई विशी-बाविशीच्या पोराला माप घेऊ देईल? मग तो अंदाजाने बघतो. म्हणजे नेमके काय करतो, ते बायकांना सांगायला नको. बघून म्हणतो, "अडतीस द्या." जिला छत्तीस आकड्याची आणि मोठ्या कपाची हवी, तिला अडतीस देतात, कारण अक्षरांचे वेगवेगळे कप ठेवायचे तर माल चौपट ठेवावा लागतो. अडतीसचा पट्टा पाठीवर वर चढतो, सगळे ओझे खांद्यावर येते. बाईला वाटते आपलेच अंग बेढब. ती परत येत नाही, भांडत नाही, सहन करते.

आणि वस्तीचे नाव विचारतात, हेही लिहितो. "घरपोच सोय आहे, कुठे राहता?" म्हणून विचारतात, आणि वस्तीचे नाव सांगितले की हात आपोआप खालच्या फळीकडे जातो. "तुमच्या बजेटमधलं दाखवतो." आमच्या गळ्यात कार्यालयाचे ओळखपत्र होते तेव्हाही हेच झाले.

मालही उतरला. पूर्वी दोन-तीन नावाजलेल्या कारखान्यांचा माल असायचा. आता बराचसा माल कुठूनतरी शिवून आणून दुकानाचाच बिल्ला लावलेला असतो. तीन हुकांचे दोन झाले. इलास्टिकची रुंदी कमी झाली. शिवलेल्या कपाच्या जागी साच्यात दाबलेला फोमचा कप आला. हा फोम पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाही, काही महिन्यांत पिवळा पडतो, आणि सकाळच्या गर्दीच्या लोकलमध्ये उकिरड्यासारखा तापतो. ज्या बाईला दिवसातून अडीच तास प्रवास आहे तिला तो काय कामाचा? पण त्याच्यावर कमिशन जास्त, म्हणून तोच पुढे येतो.

हे सगळे आम्ही वर्षानुवर्षे पाहिले आणि गप्प बसलो. दुकानातून बाहेर पडताना कुरकुर करायची, पुढच्या वेळी पुन्हा जायचे. ज्यासाठी लिहायला बसलो ती गोष्ट घडली नसती तर अजूनही गप्पच असतो.

आमच्या धाकट्या नणंदबाईंवर २०२२ साली परळच्या टाटा रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. कर्करोग होता, डावा स्तन काढावा लागला. उपचार झाले, केस पुन्हा आले, त्या कामावर जाऊ लागल्या. अशा बाईसाठी वेगळी ब्रा असते. कपाच्या आत एक खिसा शिवलेला असतो आणि त्या खिशात सिलिकॉनचा किंवा कापसाचा भराव बसतो. तो न बसवता नुसती साधी ब्रा घातली की एक बाजू मोकळी राहते, ब्रा वर सरकते, आणि खांदाही एकीकडे कलायला लागतो.

२०२३ च्या दिवाळीआधी आम्ही दोघी त्या दुकानात गेलो. गर्दी होती, गाणी मोठ्याने लावलेली होती. आम्ही त्या पोराला हळू आवाजात सांगितले. त्याला ऐकू आले नाही. पुन्हा सांगितले. त्याने शिडीवर चढलेल्या दुसऱ्या पोराला ओरडून विचारले, "अरे, एका साइडची ब्रा आहे का आपल्याकडे?"

तीन-चार माना वळल्या. कोणीतरी हसले. शेठने मोबाइलवरून डोके उचलले नाही. शिडीवरचा म्हणाला, "एका साइडची कुठे असते? पॅडवाली दे, दोन्ही बाजू भरलेल्याच असतात." पोराने खोका पुढे सरकवला. त्या पोराच्या मनात वाईट नव्हते, हे आम्हाला तेव्हाही कळत होते. त्याला कोणी काही शिकवलेलेच नव्हते. नणंदबाईंनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "वहिनी, चला." आम्ही ३४९ रुपये टाकले, खोका आणि बिल पिशवीत कोंबले आणि बाहेर पडलो. पैसे मालाचे दिले नव्हते, तिथून सुटण्याचे दिले होते.

रिक्षात त्या काही बोलल्या नाहीत. आम्हीही बोललो नाही. आणि हीच आमची चूक, असे आता वाटते.

त्यानंतर कित्येक महिने त्या रुमालाची घडी सेफ्टी पिनेने टाचून वापरत होत्या, हे आम्हाला ठाऊक नव्हते. ते कळले २०२४ च्या १४ एप्रिलला. सगळी वस्ती मिरवणुकीत, लेझीम चाललेले, आणि लेझमात दरवर्षी पुढे असणाऱ्या नणंदबाई घरात बसलेल्या. आम्ही परत येऊन विचारले तेव्हा म्हणाल्या, "वहिनी, हात वर केला की घडी सरकते." एवढेच. आम्ही स्वयंपाकघरात गेलो आणि नळ सोडून उभे राहिलो.

ती दिवाळीत घेतलेली ब्रा आम्हीच वापरायला काढली होती. दहा आठवड्यांत पट्टा सैल पडला, एक हूक वाकला. कॉस्टिंग शिकलेल्या माणसाला राहवत नाही म्हणून हिशेब मांडला. २०१२ ची ब्रा १५० रुपयांची, पंधरा महिने टिकली. महिन्याला दहा रुपये. ही ३४९ रुपयांची, अडीच महिने. महिन्याला १४० रुपये जवळपास. चौदा पट. दुकानाचा खर्च वाढला, भाव वाढले हे मान्य. पण बारा वर्षांत चौदा पट आमचा पगार वाढलेला नाही. खोका पुन्हा नीट पाहिला तर किमतीवर चिकटपट्टी होती. नखाने खरवडली, खाली २९९ छापलेले.

पुढच्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर महिला मंडळाच्या बैठकीत आम्ही विषय काढला. आधी हशा, मग कुजबुज, आणि मग एकेक जण बोलायला लागली. एकीला मुलीच्या लग्नाच्या सामानातले तीन नग फाटके निघाले होते. एकीच्या अंगावर इलास्टिकच्या रेषेवर चट्टे उठले होते, डॉक्टरला चारशे रुपये गेले. साठीच्या एका मावशींनी विचारले, "आपल्या वयाला काय माप असतं होय? मी तर सुनेचं जुनं घालते." त्यावर कोणी हसले नाही.

आम्ही एकच प्रश्न विचारला. किती जणींनी माल परत नेला? एकही हात वर झाला नाही. चपलेचा पट्टा तुटला तर आपण दुकानदाराच्या तोंडावर नेऊन दाखवतो. कुकरची शिटी बिघडली तर नेतो. ब्रा कशी नेणार? वापरलेली, धुतलेली, चारचौघांत बाहेर कशी काढणार? दुकानदाराला हे आपल्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. बाकीच्या धंद्यात भांडवल पैशाचे लागते. या धंद्यात निम्मे भांडवल आपल्या लाजेचे आहे, आणि ते आपण बिनव्याजी देत आहोत.

त्याच्या पुढच्या रविवारी नऊ जणींनी मिळून अकरा नग आणले. धुवून, घडी करून, कापडी पिशवीत. आम्ही एक साधी परीक्षा केली, ती घरी कोणालाही करता येईल. 'शंभर टक्के कॉटन' असे लिहिलेल्या पाच नगांच्या कपाच्या आतल्या कापडातून थोडे धागे काढले. इलास्टिकचे नव्हे, कारण इलास्टिक कॉटनचे नसतेच, त्यावरून दुकानदाराला दोष देणे बरोबर नाही. धागा चिमट्यात धरून मेणबत्तीवर नेला. सूत असेल तर ते कागदासारखे जळते, कागद जळाल्यासारखा वास येतो आणि मऊ राख राहते. पॉलिस्टर आक्रसते, वितळते आणि टोकाला कडक मणी होतो. पाचांपैकी चार नगांचे मणी झाले. मावशींनी ते चारही मणी एका कागदाच्या पुडीत बांधून घेतले. "पुरावा," म्हणाल्या.

कायद्याची माहिती आम्ही मंडळाला दिली ती इथेही देतो. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आणि तो जुलै २०२० मध्ये लागू झाला. त्यात बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. विकलेला माल सदोष निघाल्यावर तो परत घेऊन बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, पैसे परत करायला नकार देणे हीसुद्धा अनुचित प्रथाच. सदोष आणि नावडता यांत फरक आहे, हे मात्र लक्षात ठेवावे. रंग आवडला नाही म्हणून घातलेला आतला कपडा परत करणे योग्य नाही, आणि दुकानदाराने तो घेऊ नये हेच आरोग्याला धरून आहे. पण शिवण उसवली, लिहिले सूत आणि निघाले पॉलिस्टर, तर तो दोष. छापील किमतीवर चिकटपट्टी लावून किंमत वाढवणे हाही वेगळा गुन्हा, त्याची तक्रार वैधमापनशास्त्र खात्याकडे करता येते. ग्राहकांसाठी १९१५ हा दूरध्वनी क्रमांक आहे. जिल्हा ग्राहक आयोगात, म्हणजे आपल्याकडे ठाण्याला, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, वकील केलाच पाहिजे असे नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते.

या सगळ्याला बिल लागते. अकरा नगांपैकी बिले निघाली चारांची. त्यातले एक आमचे, नोव्हेंबरचे. बाकी जणींनी बिल मागितलेच नव्हते. "लवकर बाहेर पडायचं असतं हो," असे एक जण म्हणाली. खरे आहे, आम्हीही तेवढ्यासाठीच पळालो होतो.

आम्ही चौघी गेलो. अर्धा दिवस रजा टाकली. दुपारची वेळ मुद्दाम निवडली, गर्दी नको म्हणून. भांडण करायचे नव्हते. शेठसमोर काचेवर पिशवी उघडली आणि अकरा नग ओळीने मांडले. शेठ उठून उभा राहिला.

"मॅडम, हे असं वर ठेवू नका. गिऱ्हाइकं येतात."

मावशी म्हणाल्या, "विकताना तर तुम्ही पुतळ्याला घालून रस्त्याकडे तोंड करून ठेवता."

पोरे मागे वळून खोके लावायला लागली. आम्ही बिले ठेवली, खरवडलेली चिकटपट्टी दाखवली, मण्यांची पुडी उघडली. शेठ म्हणाला, वरून माल असाच येतो. मग म्हणाला, तुम्ही गरम पाण्यात धुता. मग म्हणाला, विकलेला माल परत नाही, बिलावर छापले आहे. आम्ही सांगितले, अशी ओळ छापली म्हणून सदोष मालाची जबाबदारी धुतली जात नाही. नाही तर १९१५ ला इथूनच फोन लावतो. तेवढ्यात बोलण्याचा आवाज ऐकून वरून शेठाणी जिना उतरल्या, कठड्याला धरून, एकेक पायरी. एक नग उचलला, पट्टा दोन बोटांत ताणून सोडला. तो सैल लोंबत राहिला. मुलाकडे बघून एवढेच म्हणाल्या, "हे आपल्या दुकानातलं आहे?"

चार बिलांचे पैसे मिळाले. आमच्या बिलाची मुदत उलटून गेली होती, तरी ५० रुपयांच्या चिकटपट्टीमुळे तेही दिले. तीन नग बदलून मिळाले. उरलेल्या चार नगांचे काही मिळाले नाही, त्या दुकानातलेच आहेत हे सिद्ध करता आले नाही. चिकटपट्टीची लेखी तक्रार आम्ही तरीही केली आहे, तिची पोच आमच्याकडे आहे. पैसे परत मिळाले म्हणून ती मागे घ्यावी असे मंडळात दोघींचे मत पडले. आमचे पडले नाही.

निघताना त्या शिडीवरच्या पोराने आम्हाला बाजूला गाठले. "ताई, त्या दिवशी चुकलं. मला माहीत नव्हतं तसं पण असतं." त्याला विचारले, दिवसाला किती तास उभा असतोस? दहा. बसायला? स्टूल आहे, पण शेठ बसू देत नाहीत, गिऱ्हाइकाला बरे दिसत नाही म्हणून. केरळात साड्यांच्या दुकानांतल्या बायकांनी याच बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला, आणि २०१८ साली तिथल्या दुकान कायद्यात बदल होऊन बसायची सोय देणे बंधनकारक झाले. २०२१ साली तामिळनाडूनेही तसा कायदा केला. हे आम्ही त्याला सांगितले. त्याने ते कितपत मनावर घेतले कोण जाणे. पण जो दहा तास उभा आहे आणि ज्याचे पोट कमिशनवर आहे, तो नम्र कसा राहील, हाही हिशेब मांडलाच पाहिजे.

आमच्या मंडळातील एक भगिनी बरीच वर्षे सौदी अरेबियात परिचारिका होत्या. त्या सांगतात की तिथे बायकांवर एवढी बंधने, आणि आतल्या कपड्यांच्या दुकानात मात्र विक्रेते सगळे पुरुष! बायका मापच सांगत नसत, मिळेल ते उचलून आणत. तिथल्याच रीम असाद नावाच्या, जेद्दामध्ये शिकवणाऱ्या बाईंनी त्याविरुद्ध मोहीम चालवली. २०११ साली राजाचा आदेश निघाला आणि २०१२ च्या जानेवारीपासून या दुकानांत बायका विक्रेत्या आल्या. हजारो बायकांना नोकऱ्या मिळाल्या ते वेगळेच. तिथे जे मिळवायला मोहीम लागली ते आपल्याकडे एका दहा फुटी दुकानात पडद्याआड होते, आणि आपण ते जाऊ दिले.

शेठाणींनी काकूंना परत बोलावणे पाठवले. काकू गेल्या नाहीत. "आता उभं राहवत नाही," म्हणाल्या; पण खरे कारण ते नसावे. आम्ही नणंदबाईंना घेऊन त्यांच्या घरी गेलो. काकूंनी दार लोटून घेतले, टेप गळ्यात टाकली. पूर्वीसारखाच आकडा कागदावर लिहिला. बाजारातली साधी, शिवलेल्या कपाची सुती ब्रा आणायला सांगितली. जुन्या धुतलेल्या मलमलीचा खिसा आतून शिवला, आणि कापूस नको, वजन लागत नाही, म्हणून धुतलेली बारीक मोहरी एका सुती पिशवीत शिवून भरावाच्या तळाशी बसवली. दोनदा उसवले, तिसऱ्यांदा जमले. शिलाई घेतली नाही. नणंदबाईंनी तिथेच, त्या खोलीत, दोन्ही हात डोक्यावर नेऊन पाहिले.

येत्या रविवारी वंदनेनंतर काकू मंडळात येणार आहेत आणि माप कसे घ्यायचे ते प्रत्येकीला शिकवणार आहेत. त्या वेळी हॉलचे दार आतून लावलेले असेल, तेव्हा उशीर करू नये. वयाची अट नाही. मावशींनी पहिला नंबर लावून ठेवला आहे. ज्यांच्याकडे टेप असेल त्यांनी आणावी. दोन टेपा आम्ही विकत घेतल्या आहेत, वीस-वीस रुपयांना, बिलासह.